झेंड्याची जबाबदारी तुझ्याकडे आली म्हणून

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

१५ ऑगस्टच्या झेंडावंदनाचं काम सोसायटीने यंदा तुझ्याकडे दिलं, हे वाचून फार बरं वाटलं. देशाबद्दलची कृतज्ञता आपण भाषणात बोलून मोकळे होतो. झेंडा नीट चढवण्यात, उतरवण्यात आणि जपण्यात ती हातून घडते, असं मला मनापासून वाटतं. म्हणून सविस्तर लिहितोय.

झेंडा घेताना लांबी-रुंदी ३:२ आहे ना बघ, आणि चक्रातले २४ आरे मोज. तुमच्या पंधरा फुटी काठीला १३५० × ९०० मिलिमीटरचा शोभेल. ध्वजसंहितेतल्या, म्हणजे झेंड्याच्या सरकारी नियमांतल्या, डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीपासून पॉलिएस्टरही चालतं आणि ते पावसात लवकर वाळतं, हे खरं. तरी मी खादीच घे म्हणेन. नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत झेंडे तयार होतात. कातणारे, विणणारे, रंगवणारे, शिवणारे अशा किती हातांचं देणं त्या कापडात असतं!

आदल्या संध्याकाळी कप्पीत थेंबभर तेल सोड आणि दोरी दोन-तीनदा पूर्ण वर-खाली ओढून बघ. सुती दोरी पावसाने फुगते, कप्पीच्या खाचेतून निसटून बाजूच्या फटीत रुतते आणि ऐन वेळी झेंडा अर्ध्यावर अडकतो. त्यापेक्षा नायलॉनची बरी. झेंड्याच्या पट्टीतली लाकडी खुंटी केशरी बाजूला असते. ती दोरीच्या वरच्या फासात अडकव, खालचं टोक हिरव्या बाजूला बांध. घाईत हे उलटं झालं तर गुंडाळीत दिसत नाही, सगळ्यांसमोर उलगडल्यावरच कळतं. म्हणून बांधून झालं की एकदा पूर्ण उघडून बघ, मगच घडी घाल.

गुंडाळीला दोन वेढे आणि वर सुरगाठ, एवढंच. तिसरा वेढा घेतला की ओढल्यावर गाठ सुटायच्या ऐवजी आवळते. आत पाकळ्या ठेवायला ध्वजसंहितेची हरकत नाही, पण मूठभर आणि कोरड्या ठेव. ओल्या पाकळ्या कापडाला चिकटून डाग पाडतात.

चढवताना झेंडा झपझप वर जावा, उतरवताना सावकाश खाली यावा. राष्ट्रगीत साधारण ५२ सेकंदांचं. वरच्या पट्टीत सुरू झालं की शेवटी निम्मे लोक गप्प होतात. खालच्या पट्टीत सुरुवात करायला एखाद्याला आधीच सांगून ठेव.

आता दोरी कोणाच्या हाती द्यायची ते. सन्मानाने झेंडा फडकवण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केलं. मग दर वर्षी अध्यक्षच कशाला? सफाई करणाऱ्या मावशींना पुढे बोलव. वॉचमन त्या वेळी फाटकावर एकटाच उभा असतो, त्यालाही रांगेत घे. संविधानाची उद्देशिका तुमच्या इमारतीत बोलल्या जाणाऱ्या तीन-चार भाषांत वाचून घे. ‘राष्ट्राची एकता आणि एकात्मता’ हे शब्द ‘बंधुता’ला जोडून आलेत, आणि शेजाऱ्याला रांगेबाहेर ठेवून बंधुता येत नाही, सुधीर.

उतरवल्यावर ओला झेंडा घडी करू नकोस, बुरशी धरते. सावलीत वाळव. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमड, मग दोन्ही बाजूंनी आत घेत चक्र वर दिसेल अशी घडी घाल आणि दोन्ही तळव्यांवर धरून कपाटात ने.

१६ तारखेला सकाळी मुलांना घेऊन आवारातले कागदी झेंडे वेचून घ्या, झाडूवाल्यांच्या आधी. फाटलेला झेंडा कचऱ्यात किंवा फडक्यात जाऊ देऊ नका. तो अखंडच, गाजावाजा न करता, मानाने जाळायचा असतो.

दोरी आणि कप्पी या आठवड्यातच बघून घे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश