खाण बंद झाली तरी लॅम्प रूम पाडू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्याकडच्या चंद्रपूर, वणी, उमरेड, कामठी पट्ट्यातल्या जुन्या अंडरग्राउंड खाणी एकेक करून बंद होतायत. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, कोळसा संपला किंवा काढणं परवडेना झालं की खाण बंद होणारच. पण बंद झाल्यावर पुढे जे होतं ते बघवत नाही. शाफ्ट, म्हणजे खाली उतरायची उभी विहीर, बुजवतात, इंकलाइनचं, म्हणजे उतरत्या बोगद्याचं, तोंड बांधून घेतात, ते बरोबरच आहे, उघडं तोंड म्हणजे गुराढोरांच्या आणि पोरांच्या जिवाला धोका. पण त्याच्यासोबत हेडगिअर, म्हणजे शाफ्टवरचा चाकांचा लोखंडी मनोरा, भंगारात जातं, कामगारांना दिवे मिळायचे त्या लॅम्प रूमची दारंखिडक्या निघतात, हजेरी ऑफिसचं छप्पर जातं, आणि दोनचार पावसाळ्यांत तिथं काय होतं हे सांगायला गावात कोणी उरत नाही.

मी मायनिंग सरदार, म्हणजे खाली एका भागाच्या सुरक्षेवर देखरेख करणारा, म्हणून रिटायर झालो. मुलगी इंग्लंडकडे, म्हणजे नीट सांगायचं तर वेल्समध्ये राहते, तिच्याकडे गेलो होतो तेव्हा ब्लेनाव्हन गावातली ‘बिग पिट’ नावाची बंद खाण बघून आलो आणि तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

ही खाण १८६० च्या सुमारास सुरू झाली आणि १८८० मध्ये शाफ्ट खोल करून साधारण ९० मीटरवर नेला. शाफ्ट गोल नाही, लांबट आहे, १८ फूट बाय १३ फूट, दोन ट्राम, म्हणजे कोळशाचे डबे, शेजारीशेजारी वर येतील इतका मोठा, म्हणून तिला बिग पिट म्हणायला लागले. १९२३ मध्ये तिथं १,३९९ माणसं कामाला होती. १९४७ मध्ये त्यांच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, आपलं १९७३ मध्ये. शेवटी शेवटी फक्त एक सीम, म्हणजे कोळशाचा थर, उरली होती आणि ती जास्तीत जास्त ३० इंच जाडीची, म्हणजे माणसाने आडवं होऊनच काम करायचं. आमच्या वर्धा खोऱ्यात एवढाल्या जाड सीमवर काम केलेल्या माणसाला हे ऐकूनच घाम फुटतो. २ फेब्रुवारी १९८० ला खाण बंद झाली आणि १९८३ मध्ये ती लोकांना बघायला उघडली. मधल्या काळात स्थानिक कौन्सिल आणि ट्रस्टने ती ताब्यात घेतली म्हणून वाचली, थोडा उशीर झाला असता तर पंप बंद, पाणी भरलं, संपलं. २००० मध्ये ब्लेनाव्हनचा सगळा परिसर, जुन्या लोखंडाच्या भट्ट्यांसकट, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

आत नेतात ते खरंच नेतात. हेल्मेट, कॅप लॅम्प, कमरेला बॅटरी आणि सेल्फ रेस्क्यूअर, म्हणजे विषारी वायूत जीव वाचवायचं श्वासाचं साधन. मोबाइल, बॅटरीचं घड्याळ, काडेपेटी सगळं वर काढून ठेवायचं, कारण कायद्याने ती अजूनही खाणच धरतात. केजमधून, म्हणजे खाणीच्या लिफ्टमधून, खाली उतरलो आणि आमचा गाइड हा जुना खाणकामगार, दगड सैल आहे का ते बघायला तो काठीने छत ठोकत होता तसा माझाही हात काठी शोधत आपोआप वर गेला. खाली घोड्यांचे तबेले आहेत, कोळशाचे डबे ओढायला घोडे खालीच ठेवायचे. एका ठिकाणी सगळ्यांना लॅम्प बंद करायला सांगतात आणि मग सांगतात की हवा वळवायची दारं, एअर डोअर, उघडबंद करायला लहान पोरं अशाच अंधारात बसायची. १८४२ च्या कायद्याने बायकांना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना खाली पाठवायला बंदी आली, त्याआधी सगळं घरच खाली जायचं.

पण मला खाली जेवढं भावलं त्याच्यापेक्षा जास्त वर, पिटहेड बाथमध्ये, म्हणजे खाणीच्या तोंडाशी बांधलेल्या कामगारांच्या न्हाणीघरात. १९३९ ची इमारत आहे. एका बाजूला घरच्या कपड्यांचे लॉकर, दुसऱ्या बाजूला कामाच्या कपड्यांचे, मधे शॉवर, आणि लॉकरमधून गरम हवा सोडायची म्हणजे दुसऱ्या पाळीपर्यंत ओले कपडे वाळतील. हे बाथ यायच्या आधी माणूस काळाठिक्कर, ओला तसाच चालत घरी जायचा आणि चुलीसमोर पत्र्याच्या टबात आंघोळ करायचा. नवरा एका पाळीत, मुलं दुसऱ्या पाळीत, त्या बाईने दिवसभर पाण्याचे हंडे तापवत आणि उचलत राहायचं, त्यात बायकांचे हाल व्हायचे, पोरं भाजायची. १९२० च्या कायद्याने दर टन कोळशामागे एक पेनी वेल्फेअर फंडात जमा व्हायला लागली आणि पुढे त्या फंडातून असे बाथ उभे राहिले. म्हणजे ही इमारत कोणी उपकार म्हणून दिलेली नाही, टनाटनाने कमावलेली आहे. तिकडेही असे बहुतेक बाथ पाडले गेले, हे एक राहिलं म्हणून त्यात आज प्रदर्शन आहे आणि लोकांना कळतं.

आपल्याकडेही पिटहेड बाथचे नियम १९५९ मध्ये झाले, लॅम्प रूम आहे, कामगाराच्या नंबरचं टोकन आहे, क्रेश म्हणजे पाळणाघर आहे. वरोऱ्याची खाण सरकारने एकोणिसाव्या शतकात काढली, रेल्वे वरोऱ्यापर्यंत आली ती त्या कोळशासाठीच, आणि १९०६ मध्ये ती बंद झाली. आज वरोरा म्हटलं की लोकांना आनंदवन आठवतं, ते आठवायलाच पाहिजे, पण गावातल्या शाळेतल्या किती मुलांना माहीत आहे की इथं खाण होती? आणि आमच्या कॉलनीत एका ओळीत तेलुगू, छत्तीसगढी, गोरखपुरी, मराठी घरं होती ती कोळशामुळे. वेकोलिने, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनीने, सावनेरला इको पार्क करून खाण पर्यटन सुरू केलं ते चांगलंच झालं. पण मनोरंजनासाठी नवीन उभारलेलं वेगळं आणि ज्या खिडकीतून आपल्या बापाने रोज लॅम्प घेतला ती खिडकी वेगळी.

काही लोक म्हणतील की जमीन आधी शेतकऱ्याला परत करा, म्युझियम कशाला. मला ते पटतं, जमीन द्याच. मी शंभर एकर मागत नाही, एक पिटहेड, म्हणजे खाणीच्या तोंडाजवळच्या इमारती, मागतोय.

माझी मागणी एवढीच आहे. भंगाराचं टेंडर निघायच्या आधी राज्य पुरातत्त्व विभाग आणि जिल्हा प्रशासनाने खाणीच्या वरच्या इमारतींची पाहणी करावी, फोटो आणि नकाशे काढावेत, हजेरीचे रजिस्टर, टोकन, जुने लॅम्प, व्हेंटिलेशनचे प्लॅन जिल्ह्याला एका जागी जमा करावेत. आणि वर्धा खोऱ्यात निदान एक खाण तरी हेडगिअर, केज ओढणाऱ्या यंत्राचं वाइंडिंग घर, लॅम्प रूम, बाथ सगळ्यासकट राखावी, खाली न्यायचं जमलं नाही तरी चालेल. गाइड म्हणून आम्ही आहोत. ओव्हरमन, शॉट फायरर, ड्रेसर, हॉलेज ऑपरेटर, खाणीत वेगवेगळी कामं केलेले सगळे अजून चंद्रपूर-बल्लारपूरमध्ये आहेत, पण आम्ही सगळे साठीच्या पुढचे आहोत, म्हणून हे काम लवकर सुरू व्हायला पाहिजे.

ज्या वाचकांच्या गावात बंद खाणीची लॅम्प रूम किंवा बाथ अजून उभं आहे त्यांनी आपल्या पेपरला फोटोसकट कळवावं आणि आपण ते छापावं, म्हणजे काय काय उरलंय त्याची यादी तरी तयार होईल.

आपला,
एक निवृत्त मायनिंग सरदार, चंद्रपूर