‘उजवाड खंयच्यान जाय, मास्तर?’ असं विचारणाऱ्या काकांना

ती. काकांना,
साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही, हॉटेलचंही लिहायचं नाही, असं तुम्ही निघताना बजावलं होतंत. म्हणून हे पत्र बिननावाचंच. पण तुम्हाला कळेल, आणि पणजीतल्या फोंतेन्हासच्या त्या गल्लीत ज्यांना कळायला हवं त्यांनाही कळेल. आम्हाला घरी येऊन सतरा दिवस झाले. रोज रात्री लिहायला बसते आणि दोन ओळींतच डोळे भरून येतात. आज काही झालं तरी पुरं करणार आहे.

अण्णांनी तासगावच्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवलेली त्यांची पोरं आज कुठे कुठे आहेत. वस्तुचित्राच्या तासाला टेबलावर तांब्या, पेला, कांदा मांडला की ते पेन्सिल उचलू द्यायचे नाहीत. आधी विचारायचे, “उजेड कुठनं येतोय?” ज्याला सांगता आलं त्याने कागदाच्या कोपऱ्यात बारीकसा बाण काढायचा, उजेडाच्या दिशेचा. मगच रेघ. मी त्यांची मुलगी असून मलाही त्यातून सूट नव्हती.

गेल्या आषाढात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं तुटक झालं. तेव्हापासून सगळे त्यांच्याशी मोठ्याने बोलतात, ते बहिरे असल्यासारखे. नाहीतर त्यांच्याशी बोलतच नाहीत, माझ्याशी बोलतात. “जेवले का हे?” “झोप लागते का यांना?” समोर बसलेला माणूस कुणाला दिसतच नाही.

त्यांची एकच इच्छा राहिली होती, त्रिंदाद बघायचे. आंतोनियो झेवियर त्रिंदाद, १८७० साली सांग्यात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून पुढे तिथेच शिकवणारे, ज्यांना ‘पूर्वेचा रेम्ब्रां’ म्हणायचे ते. कोल्हापुरात ए.टी.डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करताना अण्णांचे गुरुजी सांगायचे की आपल्या कोल्हापूरचे चित्रकार धुरंधर आणि गोव्याचे त्रिंदाद एकाच काळात जे. जे.त शिकवत होते. अण्णांनी त्रिंदादांचं चित्र पाहिलेलं ते फक्त एका जुन्या मासिकातलं, काळ्या-पांढऱ्या छपाईतलं. ज्या माणसाची सगळी कमाल अंधारातून वर येणाऱ्या रंगात आहे, त्याचं चित्र काळ्या-पांढऱ्यात! ती चित्रं पणजीत फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत आहेत हे कळल्यावर मी सुट्टी टाकली आणि निघालो.

पहिलं हॉटेल किनाऱ्यावरचं होतं. नाव घेत नाही. चकचकीत फरशी, दारात काचेचा मासा. फोनवर मी दोनदा सांगितलं होतं, खालची खोली हवी, वडील चालू शकत नाहीत. रात्री पोचलो तर खोली तिसऱ्या मजल्यावरची आणि लिफ्ट दुरुस्तीला. काउंटरवरचा मुलगा कॉम्प्युटरवरची नजर न उचलता म्हणाला, “मॅडम, असे पेशंट आणताना आधी विचार करायचा असतो.” अण्णा चाकाच्या खुर्चीत, हातभर अंतरावर. त्यांनी ऐकलं. त्यांना नीट बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं. त्यांनी डाव्या हाताने मफलर गळ्याभोवती घट्ट ओढून घेतला आणि खाली बघत राहिले. तो मफलर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पुढे दोन ठिकाणी फोन केले, तिथेही तेच. व्हीलचेअर म्हटलं की खोल्या संपायच्या.

मग कुणीतरी तुमचा नंबर दिला. तुम्हाला किती सोपं होतं नाही म्हणणं! शंभर वर्षांहून जुनं घर, लाकडी जिना उभा, दाराला दोन उंच पायऱ्या. ‘जुनी वास्तू आहे, जमणार नाही’ म्हणाला असतात तर मला रागही आला नसता. तुम्ही म्हणालात, “येवंक सांग, बाय. पळोवया.” यायला सांग, बघू या. बस, एवढंच. आम्ही आलो तेव्हा पायऱ्यांवर फळी होती आणि खालची, फ्रेमा ठेवायची खोली रिकामी करून तिथे पलंग लावलेला होता. हे कसं जमवलंत ते तुम्ही सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही.

पण काका, हे पत्र फळीसाठी नाही, खोलीसाठीही नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता तुम्ही जे केलंत, त्यासाठी आहे.

तुमच्याकडची चित्रं सगळी जिन्यात आणि वर. जिन्याच्या भिंतीवर पायरीगणिक एक, वरच्या लांब खोलीत ओळीने आणखी. त्या दुपारी अण्णा जिन्याच्या पायथ्याशी होते. कठड्याच्या गोल लाकडी मुठीवर डावा हात ठेवून वर बघत होते. पहिली दोन चित्रं दिसत होती, तिसऱ्याची नुसती चौकट. मी पटकन म्हणाले, “अण्णा, मी फोटो काढून आणते, मोबाईलवर बघा.” त्यांनी मान फिरवली. आज लाज वाटते मला त्या वाक्याची. मागे तुम्ही घंटेची पितळी साखळी पुसत होतात. तुम्ही काही बोलला नाहीत.

चारला दार वाजलं. तुमच्या हातात पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तुम्ही ती उंच पाठीची, वेताच्या विणीची खुर्ची ओढून पलंगासमोर आणली, पंचा सोडला आणि चित्र खुर्चीवर टेकवलं. जलरंग होता. सोप्यावर बसून सोलां, म्हणजे आमसुलं, वाळत घालणारी म्हातारी, सूप मांडीवर, बोटं लालभडक. मग तुम्ही पलंगाशेजारी उकिडवे बसलात. तुमचे डोळे अण्णांच्या डोळ्यांच्या उंचीला येईपर्यंत खाली वाकलात आणि तिथून चित्राकडे पाहिलंत. मान हलवलीत. उठून फडताळातून दोन जाडजूड वह्या आणल्यात, चित्राखाली घातल्यात, परत उकिडवे बसलात. आता म्हातारी बरोबर समोर आली. मग काचेवर ट्यूबलाइटची पांढरी पट्टी चमकत होती ती बघून दिवा घालवलात.

खोलीत उरला फक्त त्या दोन खिडक्यांचा उजेड. शिंपल्यांच्या तावदानांतून येणारा, साईच्या रंगाचा. काच महाग होती त्या काळी गोव्यात लाकडी पट्ट्यांमध्ये चपटे शिंपले बसवून खिडक्या करायचे हे मला ठाऊक होतं. पण तो उजेड कसा असतो ते तेव्हाच पाहिलं. डोळ्याला कुठेच टोचत नाही.

आणि तुम्ही विचारलंत. मला नाही, अण्णांना. “उजवाड खंयच्यान जाय, मास्तर?” उजेड कुठून हवा?

काका, तुम्हाला माहीत असणं शक्यच नव्हतं. हा प्रश्न त्या माणसाने एकतीस वर्षं रोज दुसऱ्यांना विचारला होता. त्यांना तो कुणी विचारला नव्हता. अण्णा थोडा वेळ तुमच्याकडे बघत राहिले. मग तोंड वाकडं करून, जोर लावून म्हणाले, “डावी... कडनं.” आठ महिन्यांत परक्या माणसाशी बोललेला त्यांचा पहिला शब्द. तुम्ही उजवीकडची खिडकी लोटलीत, डावीकडचं दार अर्धं उघडलंत, आणखी थोडं, आणखी थोडं, अण्णांनी बोट वर केलं तेव्हा थांबलात. ते बोट मी ओळखते. फळ्यावर कुणी छटा देत असलं की नेमकं पुरे झाल्यावर ते तसंच वर व्हायचं.

मी मागच्या अंगणात जाऊन रडले. तुम्ही बघितलंत आणि चहा ठेवायला सांगितलात.

पुढचे तीन दिवस रोज चारला एक चित्र. तुम्ही फ्रेमा टांगता, सुतारकाम बघता, तुमचे ‘पाय’, म्हणजे वडील, मेस्त, म्हणजे सुतार होते, हे नंतर कळलं. कुठलं चित्र ओलीने खराब होतं, कुठलं दुपारी उठून दिसतं, हे तुम्ही अण्णांना सांगायचात, आणि मधे थांबायचात. त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायचात! मी त्यांची मुलगी, मीसुद्धा त्यांचे शब्द पुरे करून टाकते. तुम्ही एकदाही केले नाहीत.

त्रिंदाद बघून झाले. त्याबद्दल फार लिहीत नाही, ते अण्णांचं आहे. एका चित्रासमोर पाऊण तास बसले आणि निघताना नमस्कार केला, एवढंच सांगते. सां सेबास्त्यांवच्या कपेलात, त्या छोट्या चर्चमध्येही तुम्हीच नेलंत. जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला तो क्रूस, येशूचे डोळे उघडे आणि मान ताठ. हेही तुमच्याकडूनच कळलं. अण्णांनी त्या डोळ्यांकडे बराच वेळ पाहिलं. येताना गल्लीत निळ्या भिंतीपुढे फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती, खुर्ची जाईना. तुम्ही कुणावर ओरडला नाहीत. प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून “मास्तर आयल्यात, वाट दियात” म्हणत पुढे गेलात. पेशंट नाही, मास्तर.

आमच्याकडे आल्यागेल्याला पाणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही अशी रीत आहे. ती रीत आहे म्हणून लोक पाळतात, आणि चांगलं आहे. पण कुणी न सांगता, कुठे न लिहिलेलं, समोरच्याला नेमकं काय हवंय ते ओळखणं वेगळं. त्यासाठी उकिडवं बसावं लागतं. त्या रात्रीच्या मुलाला मी मनातून माफ केलेलं नाही, खोटं कशाला बोलू. पण आता त्याची आठवण आली की लगेच मागोमाग तुम्ही दिसता, वह्या बगलेत घेऊन.

निघताना मी पाकीट पुढे केलं तर तुम्ही हात मागे घेतलात. म्हणून दुसरं पाठवतेय, हे मात्र परत करायचं नाही. मंगळवारी सकाळी अण्णांनी पाट मांडीवर घ्यायला सांगितलं. डाव्या हाताने, चार दिवस बसून, त्यांनी एक चित्र काढलं. तुमची वेताची खुर्ची आहे. रेघा थरथरल्यात, एक पाय आखूड झालाय, पण विणीचं एकेक भोक मोजून काढलंय. खुर्ची रिकामीच आहे. वरच्या कोपऱ्यात डावीकडून येणारा बारीक बाण आहे. पार्सल काल पोस्टात टाकलं. वरच्या मजल्यावर लावू नका, खालीच ठेवा.

तुमची,
मास्तरांची मुलगी