जुना फ्लाय रॉड घेताना आधी टेप, मग नाव

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘ब्रिटिशकालीन, अस्सल इंग्लिश, दुर्मीळ’ एवढं लिहिलं की मासे पकडायच्या जुन्या काठीला वाटेल ती किंमत लावता येते, असा समज विकणाऱ्यांमध्ये आहेच. वाईट याचं वाटतं की घेणाऱ्यांमध्येही तो रुजतो आहे. फ्लाय म्हणजे पिसं-दोऱ्याचं, किड्यासारखं दिसणारं हलकं आमिष. ते फेकायच्या काठीच्या, म्हणजे फ्लाय रॉडच्या बाबतीत त्याने जास्त नुकसान होतं. हा रॉड लांबून धडधाकट दिसतो आणि त्याचे दोष बोटांना, कानाला आणि टेपला कळतात, फोटोला नाही. मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना एखाद्या लिलावात असा रॉड दिसला, तर पैसे मोजण्यापूर्वी काय बघावं, ते सविस्तर लिहीत आहोत.

आधी तो फ्लाय रॉडच आहे ना, हे पाहावं. यात रीळ बसवायची जागा मुठीच्या मागे, काठीच्या अगदी टोकाला असते आणि लाइन, म्हणजे गळाची दोरी, ज्यातून जाते त्या कड्या लहान व पुष्कळ असतात. रीळ मुठीच्या मध्ये किंवा पुढे बसत असेल आणि कड्या मोठ्या असतील, तर तो वेगळ्या मासेमारीचा रॉड आहे, त्याचा भावही वेगळा. जुन्या काठ्यांत गोल, भरीव, काळपट लाकडाच्या काठ्याही मिळतात. त्या बहुधा ग्रीनहार्ट या दक्षिण अमेरिकी लाकडाच्या असतात. संग्राहकांना ज्यांचं मोल असतं ते प्रामुख्याने बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या चिकटवून केलेले षट्कोनी रॉड. बोटांत फिरवला की सहा बाजू लगेच जाणवतात. अशा रॉडसाठी सुरुवातीच्या काळात आपल्याकडून कलकत्त्यामार्गे गेलेला बांबू वापरत, म्हणजे आपल्या जंगलातला मानवेल. त्यावर भाजल्याचे तपकिरी डाग असत. पुढे चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. डागाळलेला बांबू दिसला तर रॉड बराच जुना असण्याची शक्यता आहे, पण जुना म्हणजे महाग असं मात्र नाही.

आता टेप काढा. लांबी मोजणं ही पहिली तपासणी, आणि आमच्या मते निम्मा निकाल तिथेच लागतो. फ्लायला स्वतःचं वजन जवळजवळ नसतं. फेकली जाते ती जाड लाइन, आणि तिला वेग मिळतो तो काठी शेंड्यापासून बुंध्यापर्यंत क्रमाने वाकण्यातून. शेंडा हा सगळ्यांत बारीक भाग, त्यामुळे मोडतो तोच. मोडल्यावर पुष्कळजण टोकाची कडी काढून उरलेल्या टोकावर पुन्हा बसवतात. काठी दिसायला पूर्ण राहते, पण जो भाग आधी वाकायचा तोच गेलेला असतो. काठी ताठर होते आणि ज्या वजनाच्या लाइनसाठी ती केली होती ती लाइन तिला नीट वाकवत नाही.

हे ओळखायला तीन खुणा आहेत. रॉडवर लिहिलेली लांबी आणि जोडून मोजलेली लांबी जुळली पाहिजे. ९ फूट लिहिलं असेल तर २७४ सेंटिमीटर. दुसरं, बहुतेक कारखान्यांच्या रॉडमध्ये सगळे तुकडे सारख्या लांबीचे असतात. ते शेजारी शेजारी उभे करून पाहावेत. चांगल्या बांबूच्या रॉडबरोबर दोन शेंडे देण्याची पद्धत होती, तेव्हा ते दोन्ही एकमेकांशी जुळवून पाहावेत. मुद्दाम असमान तुकड्यांचे रॉडही काहींनी केले, पण दोन शेंड्यांत फरक असायला काही कारण नाही. तिसरी खूण म्हणजे शेवटच्या दोन कड्यांमधलं अंतर. टोकाकडे जाताना कड्या हळूहळू जवळ येत जातात. शेवटचंच अंतर एकदम अर्ध्यावर आलं असेल, तर शेंडा तुटून पुन्हा कडी बसवलेली आहे. दोनपैकी एक शेंडा दोन-तीन इंच आखूड असेल तर आम्ही किंमत निम्म्यावर आणतो. दोन्ही आखूड असतील तर तो रॉड भिंतीवर शोभेला टांगण्यापुरता. नवा शेंडा करून घेता येतो, पण सहा पट्ट्या तासून, चिकटवून, मूळ निमुळतेपणा साधायचा म्हणजे त्या मजुरीत साध्या कारखान्याचा एक पूर्ण रॉड येतो.

मग सांधे. बांबूच्या रॉडचे तुकडे धातूच्या नर-मादी नळ्यांनी जोडतात, त्यांना फेरूल म्हणतात. चांगल्या रॉडचे फेरूल जर्मन सिल्व्हरचे असतात, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू; त्यात चांदी नसते. स्वस्त रॉडला पितळेवर मुलामा दिलेले फेरूल असत. घासल्या जागी पिवळं दिसलं की मुलामा समजावा. जोडण्यापूर्वी दोन्ही भाग स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्यावेत, मग सरळ रेषेत दाबून बसवावेत. सुटे करतानाही सरळच ओढावेत. घट्ट फेरूल सुटताना बाटलीचं बूच निघाल्यासारखा ‘पॉप’ आवाज करतो आणि तो ऐकू आला तर सांधा चांगला आहे. पिळून मात्र कधीही काढू नये. पिळलं की फेरूलच्या तोंडाशी बांबूच्या पट्ट्या उसवतात. हार्डी या इंग्लिश कंपनीच्या काही रॉडना फिरवून अडकणारे ‘लॉकफास्ट’ सांधे असतात, तेवढाच अपवाद.

जोडलेला रॉड हातात धरून हलकेच हलवावा. ‘टक् टक्’ आवाज आला तर तो कुठून येतो ते शोधावं, कारण तिन्ही शक्यतांचा खर्च वेगळा. फेरूल आणि बांबू यांच्यामधला सरस सुटला असेल तर काम सोपं आहे, पुन्हा चिकटवता येतो. नर भाग झिजून मादीत ढिला झाला असेल तर जोडी बदलावी लागते आणि मूळ मापाची जोडी मिळणं कठीण. मादीला उभी चीर गेली असेल तर ती बदलल्याशिवाय रॉड वापरूच नये. विक्रेत्याने नर भागावर मेण, नेलपॉलिश किंवा चिकटपट्टी लावून ढिलेपणा लपवलेला असतो, म्हणूनच आधी स्पिरिटने पुसायला सांगितलं.

सांधे झाले की एकेक तुकडा डोळ्याजवळ धरून, बंदुकीचा नेम पाहतात तसा, लांबीच्या रेषेत बघत सावकाश फिरवावा. शेंड्याला सलग, हलका बाक असणं वापराचं लक्षण आहे. कसलेला कारागीर तो बाक उष्णता देऊन काढतो, त्यासाठी किंमत थोडी कमी करून घ्यावी. पण एकाच ठिकाणी कोपऱ्यासारखा वाक असेल तर तिथले तंतू तुटलेले आहेत, मग तो रॉड सोडून द्यावा. नंतर तुकडा कानाजवळ धरून अगदी थोडा वाकवावा. करकर ऐकू आली किंवा कडांवरून नख फिरवताना ते अडकलं, तर पट्ट्या एकमेकींपासून सुटत आहेत. दुसऱ्या महायुद्धापर्यंतचे बहुतेक रॉड सरसाने चिकटवलेले आहेत आणि सरसाला ओल चालत नाही. आपल्या हवेत हा दोष फार येतो. ओला रॉड तसाच नळीत बंद करून ठेवला की वॉर्निशला फोड येतात, फेरूलवर हिरवट थर चढतो आणि कापडी पिशवीला बुरशी लागते. दोन-तीन पावसाळे असे गेले की पट्ट्या उसवू लागतात. बांबूवर टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर भुंगा लागलेला आहे. असा रॉड फुकट मिळाला तरी घरात आणू नये, शेजारचे रॉडही जातील.

रोगण आणि कड्या बांधायला गुंडाळलेला दोरा यांकडे नवे लोक उलट नजरेने पाहतात. त्यांना चकचकीत रॉड आवडतो. पण जुना रॉड चकचकीत असेल तर त्याच्यावर कुणीतरी काम केलेलं आहे. जुन्या रॉडवर रेशमाचा दोरा आणि पातळ वॉर्निश असतं. त्याऐवजी नायलॉनचा दोरा आणि काचेसारखा जाड थर दिसला तर मूळ रूप गेलं, आणि बरेचदा मुठीजवळ शाईने लिहिलेला मजकूरही गेला. मुठीचं बूच स्वच्छ पांढरं असेल तर ते सँडपेपरने घासलेलं असणार. मूठ बारीक झाली का, हे बोटांत धरूनच कळतं. हार्डीच्या अनेक रॉडवर पहिल्या आणि शेवटच्या कडीत अकीक बसवलेला असतो. त्यातून नायलॉनचा जुना मोजा किंवा कापूस फिरवावा. धागा अडकला तर अकीकाला तडा आहे आणि तो लाइन कापतो.

नावाकडे इतक्या उशिरा येतोय, ते जाणूनबुजून. उत्तर इंग्लंडमधल्या ॲनिकची हार्डी ही कंपनी १८७२ सालची. तिच्या बांबूच्या रॉडवर ‘पॅलाकोना’ हे व्यापारचिन्ह असतं आणि क्रमांकही. त्यावरून वर्ष शोधता येतं. अमेरिकेतल्या लेनर्ड, पेन, गॅरिसन या कारागिरांचे रॉड उत्तम स्थितीत असले तर हजारो डॉलरला जातात. उलट माँटेग्यू, हॉरॉक्स-इबटसन, साउथ बेंड या कारखान्यांनी प्रचंड प्रमाणावर माल काढला. त्यांतले ३ तुकड्यांचे ९ फुटी रॉड सगळीकडे मिळतात आणि स्वस्तच असतात. महायुद्धानंतर जपानमधून लाकडी पेटीत घालून, सोबत फ्लाय वगैरे देऊन विकलेले रॉड दिसायला सगळ्यांत देखणे असतात. मासेमारीला त्यांचा फारसा उपयोग नाही, पेटीचीच किंमत धरावी. एकाच कारागिराच्या रॉडमध्येसुद्धा ७ ते ८ फुटांचे, २ तुकड्यांचे, हलक्या लाइनचे रॉड ९ फुटींपेक्षा जास्त भाव खातात, कारण आज वापरायला तेच हवे असतात.

लाइनच्या नंबराचीही एक गोम आहे. आजची पद्धत १९६१ साली अमेरिकेत ठरली. लाइनच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून नंबर ठरतो: ५ नंबर म्हणजे १४० ग्रेन, सुमारे ९ ग्रॅम, ६ नंबर म्हणजे १६० ग्रेन. त्याआधी रेशमी लाइनच्या जाडीची अक्षरं वापरत. ‘एचडीएच’ ही साधारण आजची ६ नंबरची लाइन. तेव्हा ‘१९३०चा रॉड’ म्हणून दाखवलेल्या काठीवर लाइनचा ५ किंवा ६ नंबर छापलेला असेल, तर एक तर साल चुकीचं आहे किंवा मजकूर नंतरचा.

कार्बनच्या जुन्या रॉडची परीक्षा वेगळी. १९७०च्या दशकापासून बाजारात आलेले हे रॉड कायमचे वाकून राहत नाहीत आणि सडत नाहीत, पण एका बारीक टवक्याने अचानक तुटतात. जड मणी लावलेली फ्लाय फेकताना काठीवर आपटली की असा टवका उडतो. प्रत्येक तुकड्यावरून कापूस आणि मग नख फिरवावं. सांध्यात मादीच्या तोंडाशी उभी बारीक चीर आहे का, ते उजेडात पाहावं. सांधा आतल्या खुंटीचा (स्पिगॉट) असेल तर तुकडे घट्ट बसवल्यावर थोडी फट राहिली पाहिजे. फट पूर्ण मिटली असेल तर सांधा झिजला आहे आणि फेकताना काठी निसटेल. मूठ धरून शेंडा छताकडे ओढून ‘ताकद’ दाखवणाऱ्या विक्रेत्याला तिथेच थांबवावं. काटकोनापलीकडे वाकवलेला शेंडा नवा असला तरी मोडू शकतो. मॉडेलवरचे आकडे वाचायला शिकावं: काही कंपन्या ५९०-४ लिहितात, काही ९०५-४. दोन्हींचा अर्थ ९ फूट, ५ नंबर, ४ तुकडे. चारही तुकडे एकाच रॉडचे आहेत ना, हे रंग, दोऱ्याची छटा आणि जुळवणीचे ठिपके पाहून ठरवावं. ‘आजीवन हमी’ बहुतेक कंपन्या पहिल्या मालकालाच देतात, त्यामुळे तिच्यासाठी जादा पैसे देऊ नयेत. मॉडेल बंद झालं असेल तर मोडलेल्या तुकड्याचा बदली तुकडा मिळेलच असं नाही, हेही किमतीत धरावं. काचतंतूचे जुने रॉडही याच रीतीने तपासावेत.

किंमत ठरवताना लिलावाच्या संकेतस्थळावर मागितलेला भाव पाहू नये, विकल्या गेलेल्या नगांचा पाहावा, तोही त्याच लांबीच्या, तितक्याच शेंड्यांच्या रॉडचा. त्यातून दुरुस्तीचा खर्च आणि रॉड परदेशी कारागिराकडे पाठवायचा असेल तर जाण्यायेण्याचं टपाल वजा करावं. मूळ पिशवी, लेबल असलेली नळी आणि दुसरा शेंडा असेल तर थोडं वर जायला हरकत नाही. दुरून घेत असाल तर प्रत्येक तुकडा टेपशेजारी ठेवून काढलेला फोटो आणि सांध्यांचे जवळून काढलेले फोटो मागावेत. जो विक्रेता टेप ठेवायला तयार नाही, त्याच्याकडून आम्ही घेत नाही.

ज्यांच्या घरी आजोबांच्या कपाटात असा रॉड पडून आहे, त्यांना एक कळकळीची विनंती. विकण्यापूर्वी त्याला घासू नका, वॉर्निश देऊ नका, तुटलेला शेंडा फेकून देऊ नका. कोरड्या फडक्याने पुसा, पिशवीतून काढून सावलीत दोन दिवस उघडा ठेवा, मुठीजवळचा मजकूर आणि क्रमांक यांचा फोटो काढा आणि तुटलेला तुकडाही सोबत द्या. पुढचा कारागीर नवा शेंडा त्याच्याच मापावर तासतो.

आपले,
गळ टाकणारे काही वाचक, पुणे व ठाणे