थंडीच्या देशात कोंबडी घेताना आधी तुरा बघा

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

परदेशातल्या मराठी लोकांनी घरामागे कोंबड्या कशा पाळाव्यात यावर तुमच्या पेपरात लेख आला होता, तो इथं मिनेसोटात ऑनलाइन वाचला. २०२५ च्या सुरुवातीला बर्ड फ्लूमुळे इथं अंडी डझनाला ६ डॉलरच्या वर गेली तेव्हापासून आमच्या ओळखीतली बरीच घरं खुराडं बांधायच्या मागे लागलीयत, त्यामुळे लेख आला हे चांगलंच झालं. पण त्यात ‘व्हाइट लेगहॉर्न घ्या, सगळ्यात जास्त अंडी’ एवढं सांगून विषय संपवलाय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

लेगहॉर्न मूळची इटलीकडची. दाणा कमी खाते, अंडी भरपूर घालते, सगळं मान्य. पण तिचा तुरा मोठा आणि एका बाजूला लोळलेला असतो, आणि उणे २५ डिग्रीत सगळ्यात आधी तोच गोठतो. पहिल्या हिवाळ्यात माझ्या दोघींच्या तुऱ्याची टोकं काळी पडून झडली, दोघी कोपऱ्यात पिसं फुगवून बसायच्या, अंडी तर बंदच, आणि ते बघून जीव नुसता तुटायचा.

म्हणून सांगते, अंड्यांचा आकडा नंतर बघा, आधी तुरा बघा. कॅनडात क्यूबेकमध्ये ओका नावाचा मठ होता, तिथल्या ब्रदर विल्फ्रेड यांनी १९०८ पासून याच कामाला वाहून घेतलं, कॅनडाच्या थंडीत टिकेल आणि हिवाळ्यातही अंडी देईल अशी कोंबडी हवी म्हणून पाच जातींचा संकर करत करत १९१८ मध्ये शँटेक्लेर लोकांसमोर आणली. तिचा तुरा म्हणजे डोक्यावर चिकटवलेली इवलीशी उशी, गळ्याखाली लोंबणारंही जवळपास काही नाही, मग गोठणार काय? माझ्याकडे आता चार आहेत, आणि जानेवारीत बाहेर गुडघाभर बर्फ असताना खुराड्यात गरम अंडं हाताला लागतं ना, तो आनंद वेगळाच. दुसरी बकाय, ओहायोच्या नेटी मेटकाफ या बाईंनी तयार केलेली, तिचा वाटाणा तुरा, म्हणजे बुटका, डोक्यालगतचा. वायंडॉटचा गुलाब तुरा, म्हणजे रुंद आणि डोक्याला चपटा बसलेला, तीही चालते. आपल्याकडे खेड्यापाड्यात ओळखीची असलेली ऱ्होड आयलंड रेड एकेरी (लेगहॉर्नसारखा उंच) आणि गुलाब अशा दोन्ही तुऱ्यांत येते, घेताना गुलाबच मागा.

या जुन्या जाती आपल्या गावरानसारख्याच, सावकाश वाढतात पण बरीच वर्षं साथ देतात.

अजून एक, अंडी नुसत्या थंडीनं बंद होत नाहीत, उजेड कमी पडतो म्हणून होतात. आमच्या साताऱ्याकडे डिसेंबरातही अकरा तासांचा दिवस असतो, त्यामुळे आईला हा प्रश्न कधी पडलाच नाही, इथं दिवस पावणेनऊ तासांचा. पहाटे टायमरवर साधा बल्ब लावून उजेड चौदा तासांपर्यंत न्यायचा, संध्याकाळी नको, कारण बल्ब पटकन विझला की त्यांना अंधारात दांडीवर चढता येत नाही. शरद ऋतूत पिसं झडतात तेव्हा मात्र आराम करू द्या. वसंतात जन्मलेल्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, पहिल्या हिवाळ्यात बहुतेक न थांबता घालतात.

आणि कृपा करून हीटर लावू नका, त्यानं खुराड्यांना आगी लागतात, आणि भोकं बुजवून खुराडं घट्ट बंद तर अजिबात करू नका. कोंबड्यांच्या श्वासाची आणि विष्ठेची वाफ आत कोंडली की त्या ओलीनंच तुरे गोठतात. त्यांच्या डोक्याच्या वरच्या बाजूला झरोके ठेवा, खाली लाकडाचा भुसा जाड पसरा, बसायला रुंद सपाट फळी द्या म्हणजे पायाची बोटं छातीच्या पिसांखाली झाकली जातात.

इथले हॅचरीवाले जानेवारी-फेब्रुवारीतच पिल्लांच्या ऑर्डरी घेतात आणि शँटेक्लेर लवकर संपते, तेव्हा पत्र त्याआधी छापलंत तर फार बरं होईल.

आपली एक वाचक,
मिनेसोटा