दोन वर्षांची मुदत कामगाराला सांगणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून-कापून आकार देणाऱ्या यंत्रांच्या विभागात) कुणाची बोटे गेली की पहिले काही आठवडे मालक फार चांगला वागतो. दवाखान्याचे बिल भरतो, घरी थोडे पैसे पाठवतो, "बरा हो, हलके काम देतो" म्हणतो. पोरगा आणि त्याच्या घरचे त्या शब्दावर थांबतात. मग ठेकेदार बदलतो, हलके काम बंद होते आणि तोवर भरपाईचा दावा करण्याची दोन वर्षांची मुदत उलटलेली असते. सबळ कारण दिले तर उशीर माफ होऊ शकतो, पण ते कारण पटवून देण्यातच आणखी वेळ जातो. मी याच भागातल्या कारखान्यातून निवृत्त झालो असून अशा मुलांचे अर्ज लिहून देतो. बहुतेक जण फार उशिरा येतात, म्हणून हे पत्र.

मालकाने दवाखान्याचे बिल भरले म्हणजे भरपाई दिली, असे होत नाही. उपचाराचा खर्च वेगळा, भरपाई वेगळी. पंचवीस वर्षांच्या मुलाची एका हाताची दोन बोटे गेली, तर 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या परिशिष्टात कमाईच्या क्षमतेची हानी 20 टक्के धरली आहे. 2020 पासून हिशेबाला धरायच्या मासिक वेतनाची मर्यादा 15,000 रुपये आहे. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000, गुणिले कायद्याने त्या वयासाठी ठरवलेला गुणांक 216.91, आणि त्याचे 20 टक्के. रक्कम येते 3,90,438 रुपये. हा आकडा ऐकून पोरे गप्प होतात, कारण वीस-पंचवीस हजार घेऊन "माझी काही तक्रार नाही" या कागदावर त्यांनी सही केलेली असते. त्या सहीने हक्क जात नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल आहे. ठेकेदाराचा माणूस असला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही.

1923 चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून ती लागू झाली, पण दोन वर्षांची मुदत तीच राहिली.

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) असेल तर मात्र दावा मालकावर नाही, ईएसआयकडे करायचा. तिथे तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या 90 टक्के मिळतात. पण कार्डावरची नोंदणीची तारीख नीट बघा. ती अपघातानंतरची निघालेली मी पाहिली आहे. दवाखान्याच्या कागदावर "घरी पडून लागले" असे लिहिलेलेही पाहिले आहे. म्हणून जखमीसोबत जो कुणी जाईल त्याने डॉक्टरांना "कामावर, प्रेसमध्ये हात सापडला" असेच सांगावे. हजेरीचा फोटो, पगार जमा झाल्याची बँकेची नोंद, डिस्चार्ज कार्ड आणि सोबत काम करणाऱ्यांचे फोन नंबर त्याच आठवड्यात जपून ठेवावेत. नंतर साक्षीदार गावी निघून जातात. यातली बरीच मुले बिहार-उत्तर प्रदेशची, नाहीतर मराठवाड्यातली असतात.

नोकरीवर घेतानाच कामगाराला त्याला कळेल अशा भाषेत भरपाईचा हक्क लेखी कळवावा, अशी दुरुस्ती 2017 साली झाली. तसा कागद मिळालेला एकही मुलगा मला अजून भेटलेला नाही.

माझी मागणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. 48 तास किंवा त्याहून अधिक काळ कामगार कामावर येऊ शकला नाही, तर कारखान्याने त्या अपघाताची सूचना द्यायची असते. ती सूचना आली की जखमीच्या नावे मराठी आणि हिंदीत एक चिठ्ठी जावी: दावा कुठे करायचा, कोणत्या तारखेपर्यंत करायचा, कोणते कागद लागतात. पुण्यात दावा कामगार न्यायालयात करायचा असतो, एवढे कळले तरी पोरांची अर्धी वणवण वाचेल. चिठ्ठी कारखान्याच्या पत्त्यावर न पाठवता थेट त्याच्या मोबाईलवर पाठवावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरेल.

आपला,
एक निवृत्त कामगार, भोसरी