डोमेन माझं, पण घरचा पत्ता जगाला कशासाठी?

माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

डॉट कॉमबद्दल तक्रार असती तर आपल्याला तसदी दिली नसती, ते आयकॅन या इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या जागतिक संस्थेच्या करारांवर चालतं. देशाच्या नावाने संपणाऱ्या डोमेनचे, म्हणजे वेबसाइटच्या नावांचे, नियम मात्र ज्याचे त्याने ठरवायचे असतात. त्यासाठी दाद मागायची ती आपल्याकडेच, म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी मी स्वतःच्या नावावर एक डोमेन घेतलं. घरातल्या मारहाणीतून बाहेर पडू पाहणाऱ्या बायकांना कायदा सोप्या भाषेत समजावा, एवढाच हेतू. फॉर्ममध्ये नाव, राहता पत्ता, मोबाइल, ईमेल, सगळं खरं भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच फोन: वेबसाइट बनवून देतो, लोगो करून देतो, गूगलवर वर आणून देतो. तेवढं सोसलं. पुढे माझ्या एका लेखावर चिडलेल्या कुणाचा ईमेल आला. त्यात शिवी नव्हती, धमकीही नव्हती. फक्त माझ्या फ्लॅटचा नंबर आणि मजला. दारावरचा तो नंबर मी रोज बघते, पण त्या रात्री स्क्रीनवर वाचताना हातपाय गार पडले. कडी लागली आहे ना, हे तीनदा उठून पाहिलं.

त्या माणसाला कुठेही चोरी करावी लागली नव्हती. हूइजमध्ये, म्हणजे डोमेन कोणाच्या नावावर आहे हे दाखवणाऱ्या सगळ्यांना खुल्या यादीत, डोमेनचं नाव टाकलं आणि माझी सगळी माहिती त्याच्यासमोर आली.

१९८२ मध्ये हूइजची व्यवस्था लिहून काढली गेली, तेव्हा इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावर जेमतेम काही शे संगणक होते. बिघाड झाला तर कोणाला फोन करायचा, यासाठी ती यादी होती. वापरणारे बहुतेक एकमेकांच्या ओळखीचे. तीच यादी पुढे अनोळखी जगासाठी उघडी राहिली.

बरं, खोटा पत्ता द्यावा तर तीही सोय नाही. डॉट कॉमसारख्या डोमेनच्या करारात माहितीच्या खरेपणाबद्दल विचारणा झाली आणि मालकाने १५ दिवसांत उत्तर दिलं नाही, तर डोमेन बंद होऊ शकतं. म्हणजे खरं सांगणाऱ्याचं घर उघडं पडतं आणि खोटं सांगणाऱ्याचं डोमेन जातं. ज्याला फसवणूकच करायची आहे, तो दुसऱ्याचं नाव टाकून चार दिवसांत काम उरकतो. भरडला जातो तो प्रामाणिक माणूस. प्रॉक्सी सेवा, म्हणजे आपल्याऐवजी स्वतःचं नाव-पत्ता लावणारी कंपनी, घेतली तर कागदोपत्री मालक ती कंपनी होते. काही देशांत तर तीही चालत नाही. अमेरिकेच्या डॉट यूएसमध्ये २००५ पासून तिला मनाई आहे.

युरोपचा जीडीपीआर हा खासगी माहिती जपणारा कायदा २५ मे २०१८ रोजी लागू झाला. त्याच्या आठवडाभर आधी आयकॅनने तात्पुरते नियम आणले आणि व्यक्तींचे तपशील झाकण्याची वाट मोकळी झाली. आता डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी हूइजच्या जागी आरडॅप ही नवी पद्धत आली आहे. कोणाला किती माहिती दिसावी, हे त्यात वेगवेगळं ठरवता येतं. तेव्हा तांत्रिक अडचणीचं कारण आता पुढे करता येणार नाही.

सायबर गुन्ह्यांचा तपास करणाऱ्यांचं म्हणणं मला मान्य आहे. माहिती झाकल्यापासून त्यांना ती मिळायला वेळ लागतो, आणि फिशिंगच्या, म्हणजे खोटं रूप घेऊन लोकांचे पासवर्ड काढणाऱ्या, साइटमागे धावताना एकेक तास मोलाचा असतो. त्यांना माहिती मिळालीच पाहिजे, तीही लवकर. पण कोणी मागितली, कधी, कशासाठी, याची नोंद राहू द्या. तपास संपल्यावर डोमेनधारकालाही कळवा. आणि ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीचं नाव-पत्ता उघडाच असावा. माझी मागणी व्यक्तींपुरती आहे.

व्यक्तीने डोमेन घेतलं की नोंदणीच्या पहिल्या मिनिटापासून तिचा तपशील झाकलेला असावा. त्यासाठी वेगळे पैसे नकोत, वेगळा अर्ज नको. संपर्कासाठी ईमेल पुढे पाठवणारा एक फॉर्म पुरे. पहिल्या मिनिटापासून असं मुद्दाम म्हणते, कारण हूइजच्या जुन्या नोंदी साठवून विकणाऱ्या कंपन्या आहेत. माझा पत्ता मी नंतर झाकून घेतला, पण त्या साठ्यांत तो अजून तसाच आहे. मी आता घर बदलते आहे.

आज कोणीतरी माझ्यासारखीच तो फॉर्म भरत असेल. आपला आदेश तिच्यापर्यंत वेळेत पोहोचावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक डोमेनधारक