प्रवेश दिलात, पुढच्या साडेपाच वर्षांचं काय?

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : वैद्यकीय महाविद्यालयांतल्या जातिभेदाची दरवर्षी नोंद ठेवणे आणि तो अभ्यासाचा भाग करणे

महोदय,

एमबीबीएसला प्रवेश घेणाऱ्या मुलाची जात आपलं राज्य किती बारकाईने तपासतं, हे आपल्याला सांगायला नको. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, लागेल तिथे नॉन क्रीमी लेअर. आजोबांच्या शाळेची नोंद शोधता शोधता गोंदिया-गडचिरोलीची माणसं कार्यालयांच्या पायऱ्या झिजवतात. कागद वेळेत आला नाही तर हातातली जागा जाते. पण मुलगा एकदा वर्गात जाऊन बसला की याच राज्याला त्याच्या जातीचा पार विसर पडतो. तो पहिल्याच वर्षाला का अडकला, तोंडी परीक्षेत त्याला किती गुण पडले, वसतिगृहात त्याच्यासोबत खोलीत राहायला कोण तयार झालं, पीजीला, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाला, गेल्यावर ऑपरेशन थिएटरमध्ये प्रत्यक्ष किती केसेस हाताला लागल्या, हे प्रवर्गनिहाय मांडून कोणी कधी बघत नाही.

मी नागपुरात वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवते. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे एका कॉलेजचं गाऱ्हाणं नाही.

तोंडावर जात काढून बोलणारा आता क्वचितच सापडतो. आता विचारतात, "नीटची रँक किती?" वसतिगृहातल्या पहिल्या आठवड्यातला हा प्रश्न. रँक कळली की प्रवर्ग कळतो, प्रवर्ग कळला की अभ्यासाचे गट, मेसमधली टेबलं, व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप आपोआप वेगळे होतात. 'कॅटेगरीवाले' हा शब्द तर शिक्षकांच्या खोलीतही सहज वापरला जातो. एखाद्या मुलीची लंबर पंक्चरची, म्हणजे पाठीच्या मणक्यातून पाणी काढायची, सुई पहिल्या खेपेला चुकली तर ती चूक तिच्या एकटीची राहत नाही, तिच्या अख्ख्या समाजाच्या खात्यात जमा होते. ओपनमधल्या मुलाची चुकली तर तो 'नवीन आहे, शिकेल'. हा फरक मी वर्षानुवर्षं वॉर्डात उभी राहून बघते आहे.

२२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी हे जग सोडून गेली. जळगाव जिल्ह्यातल्या आदिवासी तडवी समाजातली ही मुलगी स्त्रीरोग विभागात पीजी करत होती. वरिष्ठ सहकारी डॉक्टर जातीवरून आपल्या मुलीचा छळ करतात, असं तिच्या घरच्यांचं म्हणणं होतं. तो खटला न्यायालयात आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण त्याच वर्षी पायलची आई आणि २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठात आत्महत्या केलेल्या रोहित वेमुलाची आई या दोघी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. उच्च शिक्षणातला जातिभेद थांबवण्यासाठी २०१२ सालचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) नियम आहेत, ते निदान पाळले तरी जावेत, एवढंच त्यांचं मागणं होतं. नियम पाळा म्हणून दोन आयांना दिल्ली गाठावी लागते, तर इतकी वर्षं आपले अधिष्ठाते, संचालनालय आणि विद्यापीठ काय करत होते?

माहीत नव्हतं असंही नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यातले डॉ. सुखदेव थोरात यांच्या समितीने २००७ मध्ये दिल्लीच्या एम्सबद्दल अहवाल दिला. अनुसूचित जाती-जमातींची मुलं त्रासाला कंटाळून वसतिगृहात एकाच ठिकाणी एकवटतात, शिक्षक त्यांच्याशी कसे वागतात, परीक्षेत काय होतं, सगळं त्यात आहे. पुढे दिल्लीच्याच वर्धमान महावीर मेडिकल कॉलेजमध्ये ही मुलं फिजिऑलॉजी या एकाच विषयात पुन्हा पुन्हा नापास होऊ लागली. डॉ. भालचंद्र मुणगेकर यांनी चौकशी केली आणि २०१२ मध्ये जातीय भेदभाव झाल्याचं नोंदवलं. तिथे गोष्ट उघडकीस आली, कारण नापासांची यादी प्रवर्गनिहाय मांडली गेली. आपल्याकडे ती मांडलीच जात नाही.

आता गुणवत्तेबद्दल, कारण या पत्रावर पहिली प्रतिक्रिया तीच येणार. आरक्षण प्रवेशाला आहे, पास होण्याला नाही. एमबीबीएसला उत्तीर्ण व्हायची रेघ सगळ्यांना एकच आहे. खासगी कॉलेजांत संस्था कोट्यातून आणि एनआरआय कोट्यातून भलीमोठी फी भरून मुलं येतात. त्यांची रँक विचारून कोणी खिजवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये पीजीच्या जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून केंद्राने पात्रता थेट शून्य पर्सेंटाइलवर आणली, म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र, तीही सगळ्या प्रवर्गांसाठी. तेव्हा 'कोट्याचे डॉक्टर' म्हणून नाकं मुरडणारे फारसे बोलले नाहीत. आणि जानेवारी २०२२ मध्ये अखिल भारतीय कोट्यातलं ओबीसी आरक्षण वैध ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की स्पर्धा परीक्षेतले गुण म्हणजे गुणवत्ता नव्हे. कायद्याच्या पातळीवर हा वाद मिटलेला आहे. कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये तो रोज नव्याने मुलांच्या अंगावर येतो.

महोदय, याची झळ मुलांपाशी थांबत नाही, ती खाटेवरच्या माणसापर्यंत जाते, आणि मला खरी काळजी तिची आहे.

नागपुरात उपचाराला कोण येतं ते आपल्याला ठाऊक आहे. मेडिकल आणि मेयो या दोन सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत भामरागड, एटापल्ली, धारणी, देवरी आणि पलीकडचं छिंदवाडा, बालाघाट. गोंडी, माडिया, कोरकू बोलणारी माणसं. वॉर्डात मी पाहिलेला एक प्रसंग सांगते. गडचिरोलीकडची एक गरोदर बाई भरती झाली होती. केसपेपरवर लिहिलं होतं, पहिलं बाळंतपण. डॉक्टर मराठीत, मग हिंदीत विचारत होते आणि ती प्रत्येक प्रश्नाला मान हलवून 'हो' म्हणत होती. आमची एक इंटर्न तिच्या खाटेच्या कडेला टेकली आणि हळू आवाजात गोंडीत बोलू लागली. पाच-सात मिनिटांत कळलं की हे तिसरं बाळंतपण आहे. आधीची दोन्ही मुलं घरीच जन्मली आणि घरीच गेली, दुसऱ्या खेपेला रक्तस्राव थांबत नव्हता. प्रसूतीच्या टेबलवर ही माहिती नसती तर काय झालं असतं, हे कोणत्याही डॉक्टरला सांगावं लागणार नाही. केसपेपर दुरुस्त झाला, रक्ताची सोय करून ठेवली. नंतर ती इंटर्न माझ्या मागे जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, "मॅडम, मला गोंडी येतं हे युनिटमध्ये कोणाला सांगू नका."

त्या युनिटमध्ये त्या दिवशी सगळ्यात उपयोगी ठरलेलं ज्ञान तिच्याकडे होतं आणि तिला ते लपवावंसं वाटत होतं. २०१९ पासून एमबीबीएसला वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचं 'एटकॉम' मॉड्यूल आहे, रुग्णाशी कसं बोलावं याचे तास होतात. त्या तासाला या मुलीने शिक्षिकेच्या जागी उभं राहायला हवं होतं.

दुसरं उदाहरण सिकल सेलचं, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचं, ते तर आपल्या मातीतलंच. १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकल सेलची नोंद 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हापासून विदर्भातल्या प्रत्येक डॉक्टरला हा आजार माहीत आहे, पण तो आडनावाने माहीत आहे. मेश्राम, रामटेके, मडावी अशी दलित-आदिवासी आडनावं दिसली की सिकल सेलची सोल्युबिलिटी टेस्ट लिहिली जाते. आडनाव वेगळं निघालं तर ती राहून जाते. हा जीन तेली-कुणबी घरांतही आहे आणि आडनाव बघून तो कोणाला सोडत नाही. मलेरियाचा पट्टा (तिथे हा जीन वाहणाऱ्याला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं) आणि पिढ्यानपिढ्या जातीतच होणारी लग्नं, यांमुळे तो काही समाजांत जास्त दिसतो. हे कारण वर्गात नीट समजावलं नाही, तर विद्यार्थ्याच्या डोक्यात एवढंच उरतं की 'त्या लोकांचं रक्तच तसं'. मग क्रायसिसमध्ये, म्हणजे सिकल सेलच्या तीव्र वेदनेच्या झटक्यात, तळमळणारा एकोणीस वर्षांचा पोरगा कॅज्युअल्टीत येतो. ताप नाही, सूज नाही, बाहेरून काही दिसत नाही, आणि कोणीतरी म्हणतं, "नेहमीचा आहे, इंजेक्शनसाठी नाटक करतो." सलाइन लावून त्याला कोपऱ्यात ठेवतात. हाडं आतून करवतल्यासारखी दुखत असताना त्याला आधी आपण खरं बोलतोय हे पटवून द्यावं लागतं.

अमेरिकेतल्या काळ्या सिकल सेल रुग्णांचं दुखणं अगदी हेच आहे. तिथे वैद्यकीय शिक्षणावरच्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर काळ्यांच्या सात मेडिकल कॉलेजांपैकी पाच बंद पडली. २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या अभ्यासात दिसलं की निम्म्याच्या आसपास गोरे विद्यार्थी आणि निवासी डॉक्टर काळ्यांच्या शरीराबद्दलची निदान एक तरी खोटी समजूत खरी मानत होते. काळ्यांची कातडी जाड असते, अशा त्या समजुती. अशा डॉक्टरांना काळ्या रुग्णाचं दुखणं कमीच वाटायचं. मूत्रपिंडाचं काम मोजायच्या सूत्रात काळ्या माणसासाठी वेगळा गुणक होता, त्यामुळे आजार असायचा त्याहून सौम्य दिसायचा. २०२१ मध्ये तो काढून टाकला. हे बदल झाले कारण वर्णभेद हा शिकण्याचा, मोजण्याचा, तपासण्याचा विषय आहे, असं तिथल्या कित्येक कॉलेजांनी मानलं. आता तिथलं वारं फिरलं आहे. जून २०२३ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करायला बंदी घातली. आपल्याकडे प्रवेशाचं दार संविधानाने उघडून ठेवलं आहे. आत काय घडतं, हे शिकवायची आणि मोजायची तयारी तेवढी नाही.

कोणी म्हणेल, अभ्यासक्रम दिल्लीहून येतो, मंत्री काय करणार? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा अभ्यासक्रम बदलणं आपल्या हातात नाही, मान्य. पण ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच आयोगाने स्त्रियांच्या समलिंगी संबंधांना पुन्हा अनैसर्गिक गुन्ह्यांत बसवलं आणि लोकांनी आवाज उठवल्यावर काही दिवसांतच तो मजकूर मागे घेतला, हेही आपण पाहिलं. शिवाय पहिल्या वर्षाच्या सुरुवातीचा फाउंडेशन कोर्स, एटकॉमचे तास, विद्यार्थ्यांनी गावातली कुटुंबं दत्तक घ्यायचा उपक्रम, हे सगळं राज्यातलीच कॉलेजं चालवतात. परीक्षा नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं. शासकीय कॉलेजं थेट आपल्या खात्याची आहेत.

म्हणून माझं मागणं आपल्या अधिकारातलंच आहे. राज्यातल्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने दरवर्षी प्रवर्गनिहाय जाहीर करावं : कोण कोणत्या विषयात अडकलं, लेखी आणि तोंडीच्या गुणांत किती तफावत पडली, किती जणांनी शिक्षण सोडलं, पीजीला कोणाच्या लॉगबुकात, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीत, किती शस्त्रक्रिया आहेत. नावं नकोत, आकडे हवेत. लेखी उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, तोंडीला मात्र आडनावासकट समोर उभं राहावं लागतं, म्हणून या दोन गुणांतली तफावत मला सगळ्यात आधी बघायची आहे. जातिभेदाची तक्रार रॅगिंगच्या समितीकडे ढकलली जाते आणि तिथे 'आपसात मिटवा' होतं. ज्या विभागप्रमुखाच्या हातात थिसिसवरची सही आहे, त्याच्याच सहकाऱ्यांसमोर पीजीचं पोर काय बोलणार? तक्रार ऐकणारी व्यक्ती कॉलेजबाहेरची असावी आणि तिने थेट आपल्या खात्याला उत्तर द्यावं. आणि जात शिकवा. समाजशास्त्राच्या एका ओळीत उरकू नका. सिकल सेलच्या लेक्चरमध्ये, प्रसूतीच्या वॉर्डात, वेदना कशी मोजायची त्या तासाला शिकवा, आणि परीक्षेत विचारा. परीक्षेत विचारलं नाही तर आमची मुलं वाचत नाहीत, हे मी शिक्षिका म्हणून सांगते.

डॉ. प्रकाश आमटे, डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ही नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेलीच मंडळी. १९७३ मध्ये आमट्यांचा हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला, १९८०च्या दशकात गडचिरोलीत बंग दाम्पत्याची 'सर्च' ही आरोग्य संस्था. दवाखाना कसा हवा, हे 'सर्च'ने गोंडांना विचारून ठरवलं. त्यांच्याविषयी आम्हाला अभिमान आहेच. पण हे त्यांना कोणत्या अभ्यासक्रमाने शिकवलं नव्हतं, ते स्वतःहून शिकले. दरवर्षी हजारो डॉक्टर बाहेर पडतात, ते सगळे आपल्या मनाने शिकतील याची वाट बघत बसता येणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये गडचिरोली आणि भंडाऱ्याच्या नव्या शासकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. तिथे अजून जुन्या सवयी मुरलेल्या नाहीत. आकडे जाहीर करायला तिथूनच सुरुवात करता येईल.

हिवाळी अधिवेशनाला आपण नागपुरात याल. सिव्हिल लाइन्समधून मेयो जवळ आहे आणि मेडिकलही लांब नाही. एक संध्याकाळ काढा. अधिष्ठाता आणि विभागप्रमुखांना बाहेर थांबायला सांगून वसतिगृहात मुलांमध्ये बसा, त्यांची नावं लिहून घेऊ नका आणि आधी कोणाला कळवू नका. नाहीतर भिंती रंगवल्या जातील आणि बोलायची मुलं निवडून ठेवली जातील. गोंडी-कोरकू बोलणारी मुलं कोणती, तेवढं जरूर विचारा. त्यांच्या शेजारी बसा.

आपली,
वैद्यकीय महाविद्यालयातली एक शिक्षिका
नागपूर